हेडबाईची हजेरी

दिवस कलला की हेडबाई हजेरी घ्यायची.

हेडबाई म्हणजे नालबंदाची घोडी. वयानं पोक्त, पोटानं सैल, कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका. भट्टी निवायला लागली, ऐरणीवरचा हातोडा खाली बसला, की ती मान उंच करून एकदा खिंकाळायची आणि कान टवकारून उभी राहायची. मग गल्लीतून उत्तरं यायची. आधी लाकूडवाल्याची तांबडी, घाईघाईनं, जशी काही तिची गाडी सुटणार आहे. मग वाळूवाल्याचा बुटक्या, घशात खडे अडकल्यासारखा. मग पाणीवाल्या म्हातारीचा पांढरा, बारीक आणि लांबलचक. आणि सगळ्यांच्या शेवटी, खाणीकडच्या वळणावरून, काण्या. पुढच्या तिघांचं झाल्याशिवाय काण्या तोंड उघडत नसे. एखाद्या दिवशी बुटक्या रेंगाळला तर काण्याही थांबायचा.

"माझ्या माहेरचा आहे," नालबंदीण म्हणायची. "मोठ्यांच्या आधी बोलत नाही."

काण्या तिच्या धाकट्या भावाचा. एका डोळ्यानं अधू, अंगानं पहाड. खाणीतला दगड ओढण्यात त्याचा हात धरणारा घोडा आसपास नव्हता, आणि धाकट्याच्या घरात त्याच्याशिवाय कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

नालबंद खुराचा माणूस, नालबंदीण तोंडाची. तो घोड्याचा मागचा पाय मांडीत घेऊन वाकला की पाठ घोड्याच्या हवाली. घोड्यानं मनात आणलं तर बरगड्यांचा भुगा. सासरा तसाच गेला होता, एका लाथेत, तोंडातले खिळे तोंडातच ठेवून. तेव्हापासून सासूनं फडक्याची रीत काढली आणि मरताना सुनेच्या हाती दिली. जुन्या चादरीचा जाड तुकडा. सकाळी तो हेडबाईच्या नाकपुड्यांवरून, जबड्याखालून, कानामागून चोळायचा. मग ज्याला नाल ठोकायचा त्या घोड्याच्या नाकाला लावून धरायचा. कसलंही भडकू जनावर असो, त्या वासानं शाळेतल्या पोरासारखं गप्प उभं राहायचं. म्हणून तर घोडीचं नाव हेडबाई पडलं.

सासूनं एकच बजावलं होतं. "सगळं धू, फडकं धुवू नकोस. धुतलंस की घोडी निघून गेली त्यातनं."

चिखल वाळला, रस्ते गाड्यांना मोकळे झाले, खाणीचा हंगाम तोंडावर आला. अशा वेळी नालबंदाला जेवायला फुरसत नसते. त्यातच बंगलेवाल्याचा माणूस आला. बंगलेवाल्याकडे शर्यतीची शिंगरं होती, त्यांना बाजारात न्यायची होती, आणि ती ट्रकमध्ये चढेनात. "तुमची हेडबाई मध्ये उभी करू. ती असली की गप राहतील." बंगलेवाल्याला नाही कोण म्हणणार? हेडबाई गेली आणि परत आली. आली ती नाक गळत. कान तव्यासारखे तापलेले, तोबऱ्यातलं तसंच शिल्लक.

"हिला ताप आहे," नालबंदीण म्हणाली.

"ट्रकनं जाऊन आलीस तर तुलाही येईल," नालबंद म्हणाला. "शीण आहे. उतरेल."

उतरला. दोन रोजांत घोडी खाऊ लागली. तिकडे बंगलेवाल्याच्या भिंतीमागे मात्र दोन शिंगरं मागच्या पायांतून लुळी पडून मेली, चुना टाकून पुरली गेली, आणि नोकरांना सांगितलं गेलं की जीभ सांभाळा. गरिबाचं जनावर मेलं की सगळ्या गावाला वास येतो. मोठ्याच्या भिंतीआड मेलेल्याला वाससुद्धा नसतो.

मग एका सकाळी लाकूडवाल्याच्या अंगणातून शिव्या ऐकू आल्या. नालबंदीण धावली. तांबडी बसली होती. पण घोडा असा बसत नाही. पुढचे पाय ताठ रोवलेले, मागचं धड जमिनीला टेकलेलं, कुत्रं बसतं तसं. शेपटी ओल्या दोरीसारखी पडलेली, तिच्याखालून मुताची धार आपोआप ठिबकत होती. लाकूडवाला दांडक्यानं तिच्या पुठ्ठ्यावर हाणत होता. "ऊठ! ऊठ म्हणतो ना! ऊठ गं, ए बाई, ऊठ!" तांबडीला ते दांडकं लागतच नव्हतं. ती मान वळवून स्वतःच्या मागच्या पायांकडे बघत होती, ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. थोड्या वेळानं लाकूडवाल्यानं दांडकं टाकलं आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागला.

जनावरांची डॉक्टरीण आली ती मोटारसायकलवरून, रबरी बूट गळ्यात अडकवून. अख्ख्या तालुक्याला एकटीच होती. डोळ्यांखाली काळं पडलेलं. तिनं तांबडीची शेपटी उचलून सोडली. शेपटी पडली.

"हा रोग नाकातून नाकात जातो," तिनं गल्लीला गोळा करून सांगितलं. "आधी ताप, मग कण्यात उतरतो. उतरला की माझ्याकडे औषध नाही, देवाकडे असलं तर बघा. घोड्याला घोडा भेटता कामा नये. हौद बंद. प्रत्येकाची बादली वेगळी. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. कुणाच्या ठाणावर जावंच लागलं तर हात साबणानं धुवा, अवजारं उकळून घ्या."

गल्लीनं ऐकलं. अडाणी माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी येऊन बघायला हवं होतं. सार्वजनिक हौदाचं बूच काढून पाणी सोडून दिलं. दारांना फळ्या मारल्या. वाळूवाल्यानं बादलीवर रंगानं भलामोठा 'बु' काढला. बुटक्याला अक्षरओळख असल्यासारखं त्याला ती रोज दाखवायचा. हेडबाईचं दारही बाहेरून कडी लावून बंद झालं.

"आता नाल?" नालबंदिणीनं विचारलं.

"घोडं हलायचं नाही म्हणाली. आपण हलू." नालबंदानं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. कानस, पकड, हातोडा, खिळे, सगळं उकळून काढलं. मांडीवर बांधायची कातडी आडवण सोड्यानं घासली. नालबंदीण प्रत्येक दारात कोपरापर्यंत साबण लावायची, हातांना भेगा पडेपर्यंत. आणि मग, स्वच्छ धुतलेल्या हातानं, कमरेला खोचलेलं फडकं काढून घोड्याच्या नाकाला लावायची.

फडक्याचं नाव कुणी काढलं नाही. फडकं अवजार नव्हतं. फडकं म्हणजे हेडबाई, आणि हेडबाई तर कडीबंद होती.

बुटक्या पडला. त्याला उठवायला अख्खी गल्ली लागली. माणसं चिखलमातीत लोळली, वाळूवाल्याचा खांदा निखळला, बुटक्या उठला नाही. त्या संध्याकाळी हेडबाईनं हजेरी घेतली तेव्हा तांबडीच्या जागी काही नव्हतं, बुटक्याच्या जागी काही नव्हतं. मग म्हातारीच्या पांढऱ्यानं उत्तर दिलं. मग काण्यानं.

पाणीवाली म्हातारी घाबरून स्वतः दारात आली. "वहिनी, माझ्या पांढऱ्याचे नाल झिजलेत, खडीवर घसरतो. अशा दिवसांत पाय घसरला तर सगळे म्हणतील रोग लागला, आणि मारून टाकतील. तेवढे ठोकून द्या. आणि तुम्ही स्वतः या हो. तुमचा हात लागला की तो बरा असतो."

नालबंदीण गेली. पांढऱ्यानं फडक्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. म्हातारी पायरीवर बसून सुपारी चघळल्यासारखा रिकामा जबडा हलवत होती. "बघा, कसा लाडात आलाय मेला. माझ्याकडे कधी असं बघत नाही."

आठवडाही गेला नाही. पांढरा भिंतीला टेकून उभा राहिला, मग भिंतीवरून घसरला. म्हातारीनं त्याच्या डोक्याखाली स्वतःची उशी दिली होती.

मेलेली जनावरं ओढायला आता गल्लीत घोडा नव्हता. दोरखंड लावून माणसांनी ओढली.

डॉक्टरीण परत आली, रागावलेली. "तुम्ही सगळं सांगितल्यासारखं केलंत. मग जातोय कसा? कुणावरून जातोय?" तिनं हेडबाईला तपासलं, नाकात बोळा फिरवून डबीत घातला. "ही आजारी होती?"

नालबंदानं बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "बाजारातनं आली तेव्हा. दोन रोज."

"बाजारातून?" डॉक्टरीण खाली बसली. "कुणाबरोबर?" ऐकलं तसं तिनं बंगलेवाल्याला एक शिवी हासडली, ती डॉक्टर लोकांच्या तोंडी सहसा येत नाही. "काही जनावरं स्वतः पडत नाहीत. दुसऱ्याला पाडतात. पण ही तर बंद आहे ना? कुणाला भेटली नाही?"

"नाही," नालबंद म्हणाला. "कडी आहे बघा."

डॉक्टरिणीनं कडी बघितली. तिच्या डोक्यावरच, खुंटीला, फडकं लटकत होतं. मळकं, घोड्यांच्या नाकांनी कडक झालेलं. नालबंदिणीची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच राहिली. तांबडी, बुटक्या, पांढरा. सगळ्यांच्या मिटलेल्या पापण्या तिला एकदम दिसल्या.

तिनं घोडीच्या दाराची कडी लावून घेतली. डॉक्टरिणीची मोटारसायकल दूर गेली.

"ते फडकं," ती म्हणाली.

नालबंदालाही कळलं होतं. तो कानस पुसत बसला होता, पुसलेली कानस पुन्हा पुसत. "गप बस."

"अहो, मी लावलं. माझ्या हातानं."

"गप बस म्हणतो ना! लाकूडवाल्याला कळलं तर तो घोडीचे चारी पाय मोडेल. मग तुझे. मग माझे हात."

"जाळते तरी."

"आणि लोकांनी विचारलं फडकं कुठंय, तर? गल्लीतलं शेंबडं पोर ओळखतं त्याला. आजच नाहीसं झालं तर काय समजायचं लोकांनी? राहू दे खुंटीला. वापरू नकोस म्हणजे झालं."

आणि तिनं राहू दिलं. भीती माणसाला किती अक्कल शिकवते बघा. ज्यानं तीन जनावरं मारली ते घरात टांगून ठेवायचं, घर निर्दोष दिसावं म्हणून.

आता एकटा काण्या राहिला होता. धाकट्यानं त्याला असं जपलं होतं की बायको म्हणायची, मला ताप आला तर बघायला कुणी नाही, घोड्याला दोन वेळा थर्मामीटर. तोच धाकटा कुंपणाशी येऊन म्हणाला, "ताई, काण्याचा मागचा नाल खुळखुळतोय. दाजींना घेऊन ये. फडकंही आण, हल्ली हातच लावू देत नाही तो."

"नको," ती म्हणाली. "आत्ता नाही."

"का?"

"डॉक्टरीण नको म्हणते."

"म्हातारीकडे गेलीस तेव्हा नाही म्हणाली ती? वाळूवाल्याकडे?" त्याचा चेहरा उतरला. "सगळ्या गल्लीच्या घोड्यांना तू, आणि माझ्या वेळी नको. परका झालो का गं?"

ती खाली मान घालून साबणानं भेगाळलेले हात बघत राहिली. एक वाक्य. एका वाक्याचं काम होतं. ते जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. भट्टीपाशी नवरा खाकरला. ते परत गेलं.

"राहू दे," धाकटा म्हणाला. "माझे हात काही मोडले नाहीत."

दुपारी नवराबायको ओढ्यापलीकडून कोळशाची पोती आणायला गेली. परत आल्यावर ती हेडबाईला पाणी द्यायला आत शिरली. घोडी दाराकडे तोंड करून उभी होती. खुंटी रिकामी होती.

तिनं बादली टाकली. पाणी घोडीच्या पायांत सांडलं. ती धावत सुटली, अनवाणी, खडीवरून. "अहो, वहिनी!" वाळूवाला गळ्यात अडकवलेल्या हातानिशी ओट्यावरून ओरडला, "आग लागली का काय?"

धाकट्याच्या अंगणात सगळं शांत होतं. काण्या मान खाली घालून उभा होता, चांगला डोळा मिटलेला. त्याच्या नाकाशी फडकं धरून धाकट्याची बायको उभी, आणि धाकटा मागचा पाय मांडीत घेऊन शेवटचा खिळा वळवत होता. बहिणीला बघून तो हसला. सकाळचा राग कधीच गेला होता.

"बघ ताई! तुझ्याशिवाय उभा राहिला. हेडबाईच्या तिथं जाऊन चांगलं घोळवून आणलं, म्हटलं वास ताजा हवा."

तिनं फडकं हिसकलं. काण्यानं डोळा उघडला आणि फडक्यामागे मान लांबवली.

"यात रोग आहे," ती म्हणाली.

"कशात?"

"यात. हेडबाईत आहे. ती पडत नाही, पण तिच्यात आहे. मी यातनं सगळ्यांना दिला. तांबडीला. बुटक्याला. पांढऱ्याला." आवाज इतका मोठा झाला होता की कुंपणापलीकडे माणसं गोळा झालेली तिला दिसत होती. थांबावंसं वाटलं नाही. "मी मारले ते. मी."

धाकटा पाय सोडून हळूहळू ताठ झाला. हातात हातोडा होता. "तुला कधी कळलं?"

तिनं फडकं काण्यापासून लांब, पाठीमागे धरलं.

"ताई. कधी कळलं?"

"डॉक्टरीण आली तेव्हा."

"म्हणजे मी कुंपणाशी आलो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"होतं."

त्यानं हातोडा मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो जपून, आवाज न करता, दगडावर ठेवला. कुंपणापाशी लाकूडवाला होता. त्यानं शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण पाणीवाली म्हातारी त्याच्या आधी आत आली. वाकून नालबंदिणीच्या तोंडाकडे जवळून बघितलं तिनं, अंधुक दिसणारी माणसं बघतात तसं.

"मी म्हटलं, तुमचा हात लागला की बरा असतो," म्हातारी म्हणाली. "मीच बोलावलं होतं, नाही का हो?" आणि निघून गेली.

फडकं धाकट्याच्या चुलीत जाळलं. जळताना वास आला तो कापडाचा नव्हता. हेडबाई अंगणात येऊन उभी राहिल्यासारखा वास गल्लीभर पसरला, आणि काण्या त्या धुराकडे तोंड करून नाकपुड्या फुलवत राहिला.

ती घरी गेली नाही. धाकटा ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तिनं भावजयीचे कपडे मागून घातले, आपले उकळले, केस धुतले आणि काण्याच्या ठाणाबाहेर पोतं टाकून बसली. तिकडे नालबंद हेडबाईच्या दारात घण घेऊन बसला होता, म्हणे. कुणी मारायला आलंच नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद झालं. डॉक्टरिणीनं बंगलेवाल्याच्या फाटकाला रोगाची सूचना चिकटवली, ती बंगलेवाल्याच्या माणसानं फाडली, तिनं पुन्हा चिकटवली. एवढंच बंगलेवाल्याचं झालं.

काण्याला ताप भरला. फणफणून. ती ओली पोती त्याच्या मानेवर टाकायची, वाफ निघायची. रोज शेपटी उचलून सोडायची. शेपटी हात झटकायची, तोवर ठीक. मग एका सकाळी शेपटी तिच्या हातात तशीच राहिली.

"आला," ती म्हणाली.

धाकट्यानं बैलगाडीचे, घोडागाडीचे, होते नव्हते ते सगळे पट्टे काढले. तो पडायच्या आत त्याच्या पोटाखालून गोणपाट घालून आढ्याला टांगायचा होता. एकट्याचं काम नव्हतं ते. धाकटा दोर ओढत होता, ती काण्याच्या मागच्या मांडीला खांदा लावून उभी होती. जनावर झोकांडी खायचं आणि सगळा भार तिच्यावर यायचा. एकदा तिच्या पायावर त्याचा खूर पडला, नखं काळीनिळी झाली. दोर ओढवेना, आढं करकरायला लागलं. तेव्हा फाटकातून कुणीतरी आत आलं. वाळूवाला. एक खांदा बांधलेला, दुसरा मोकळा. त्यानं मोकळा खांदा तिच्या शेजारी काण्याला लावला. तिच्याकडे बघितलं नाही.

"घोड्यासाठी आलोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही."

"हो," ती म्हणाली.

काण्या टांगून राहिला. मागचे पाय जमिनीला टेकायचे, पण नुसते टेकायचे. ती त्याचं मूत काढायची, मांड्यांना तेल चोळायची, पट्ट्याखाली चामडी सोलली तिथं मऊ कापड सरकवायची. तोंडात घास द्यायची, ताकद लावून. कापड रोज नवं आणि रोज जाळायचं. तिकडे संध्याकाळी हेडबाई खिंकाळायची. बंद दारामागून आवाज घोगरा यायचा. त्या वेळेला गल्लीतली दारं बंद व्हायची. लाकूडवाल्याचं, म्हातारीचं, वाळूवाल्याचं. ज्यांचं उत्तर द्यायला आता कुणी नव्हतं त्यांना ती हाक ऐकवत नव्हती. काण्या कान हलवायचा, मान उचलायचा आणि पुन्हा खाली टाकायचा. उत्तर द्यायला छातीत हवा लागते.

धाकटा तिच्यासाठी ताट ठेवायचा. "ताई" म्हणायचा नाही.

एक दिवस काण्यानं मागचा उजवा पाय उचलला आणि आपटला. माशी बसली होती. भावजय ओरडली, "अहो, इकडे या! माशी! माशी हाकलली!" धाकटा भिजल्या हातानं धावत आला, आणि माशी परत बसावी म्हणून तिघं श्वास रोखून उभी राहिली.

त्या दिवशी सूर्य खाणीच्या कडेला टेकला तेव्हा ती मऊ कापडाच्या घड्या घालत होती. भट्टीकडून हेडबाईची हाक आली. काण्यानं मान वर केली. नाकपुड्या फुलल्या, बरगड्या पट्ट्यावर दाबल्या गेल्या. ती घड्या टाकून उठली. धाकटा फाटकातच थांबला.

काही नाही.

गल्ली गप्प. काण्या कान रोखून तसाच उभा. नाही जमत त्याला, ती मनात म्हणाली. नाही जमायचं आता. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला. मान गच्च होती, तयारीत, घाई न करता. थकलेल्या जनावराची नव्हती ती मान. तिला उमगायला क्षण लागला, आणि उमगलं तसा तिनं हात उचलून घेतला.

तो थांबला होता. तांबडीच्या घाईएवढा थांबला. मग बुटक्या घसा साफ करायचा तेवढा. मग पांढऱ्याची लांबलचक तान संपेपर्यंत. तेवढ्या वेळात गल्लीतलं एक दार उघडलं, मग दुसरं, मग म्हातारीचं.

तिघांचं झाल्यावर काण्यानं उत्तर दिलं.